पोट दुखतं ते खरंच दुखतं

अगं, सोमवारी सकाळी तुझं पोट दुखतं ना, ते खरंच दुखतं. बाकी काही ऐकायच्या आधी एवढं माझ्याकडून पक्कं घे. आई म्हणते, शाळा बुडवायचं सोंग आहे. बाबा म्हणतात, काल तर चांगली उड्या मारत होती. आणि तुला स्वतःलाही आता शंका येऊ लागली असेल, कारण बस निघून गेली की दुखणं खरोखरच ओसरतं. पण ओसरलं म्हणून ते खोटं ठरत नाही. ज्याची भीती होती ते आजच्यापुरतं टळलं, म्हणून शरीर सैल पडलं, इतकंच.

रोवणीच्या दिवसांत बांधीत पाय टाकताना साप दिसला तर काय होतं, तुला माहीत आहे. छाती धडधडते, पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं. किडनीच्या वर दोन इवल्या ग्रंथी असतात, त्या रक्तात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन सोडतात आणि सगळं शरीर पळायला नाहीतर लढायला तयार होतं. साप निघून गेला की थोड्या वेळात श्वास जागेवर येतो. पण रोज त्याच बसमध्ये, त्याच बाकावर, त्याच चार पोट्ट्या बसलेल्या असल्या तर तो साप जातच नाही. शरीर दिवसभर तयारीत राहतं, रात्रीही राहतं. भूक मरते, झोप लागत नाही, लागली तर पहाटे मोडते, डोकं ठणकतं, वर्गात फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही. मग गुण घसरतात, आणि त्यावरून घरी वेगळी बोलणी बसतात.

हे माझ्या मनचं नाही. २०१३ साली इटलीतल्या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा सोबतच्यांचा छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये पोटदुखी, डोकेदुखी, निद्रानाश अशा तक्रारींची शक्यता इतरांपेक्षा दुपटीहून जास्त दिसली. त्याच्या दहा वर्षं आधी, २००३ मध्ये, अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला होता. माणसाला संगणकावर चेंडू फेकायच्या खेळात घ्यायचं आणि मध्येच त्याच्याकडे चेंडू टाकणं बंद करायचं. त्या वेळी मेंदूचं चित्र घेतलं, तर शारीरिक वेदनेच्या वेळी जो भाग जागा होतो तोच भाग जागा झालेला दिसला. एका खेळातून, अनोळखी माणसांनी, काही मिनिटांसाठी वगळलं तर हे होतं. तुला तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं आहे, आणि तुझ्या फोटोचं स्टिकर करून ते त्याच ग्रुपवर फिरवत आहेत. दुखणारच.

कोणी म्हणेल, हिचा स्वभावच हळवा. त्यावरही उत्तर आहे. इंग्लंडमध्ये एकसारख्या जुळ्यांवर अभ्यास झाला. आईबाप एक, घर एक, रक्त एक. पण एकाचा शाळेत छळ झाला, दुसऱ्याचा नाही. ताणाच्या प्रसंगी दोघांच्या कॉर्टिसॉलचं वागणं वेगळं निघालं. छळ सोसलेल्या मुलाचं शरीर ताणाला नीट प्रतिसादच देईनासं झालं होतं. म्हणजे स्वभाव नव्हे, सोसलेलं शरीरात उतरलेलं होतं.

मस्करी आणि छळ यात फरक काय, हेही तू विचारशील. नॉर्वेचे डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून याचा अभ्यास केला आणि तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि समोरचा तुझ्यापेक्षा कशात तरी भारी असतो, संख्येनं, वयानं, पैशानं, जातीनं किंवा नुसत्या तोंडाच्या जोरानं. मैत्रिणींच्या मस्करीत तूही उलट बोलू शकतेस आणि शेवटी दोघी हसता. जिथं तुला उलट बोलायची सोय नाही, ती मस्करी नाही बाप्पा.

आता एक गोष्ट मी तुला मुद्दाम सविस्तर सांगणार आहे, कारण ती आपल्या भंडाऱ्याची आहे. तुला पाणी प्यायची भीती वाटते, हे मला कळलं आहे. मुलींच्या शौचालयाच्या दाराशी बसमधल्या त्या चार पोट्ट्या उभ्या असतात, दार बाहेरून लावून घेतात, आतल्या मुलीचे आवाज काढून हसतात, म्हणून तू सकाळी घरून निघताना घोटभर पाणी पितेस आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत बाटली उघडत नाहीस. लाखांदूर, पवनी, तुमसरच्या आतल्या गावांतून येणाऱ्या कितीतरी मुली हेच करतात. लघवी दाबून ठेवली आणि पाणी कमी प्यालं की लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, बद्धकोष्ठ होऊन पोट आणखी दुखतं. एप्रिलच्या उन्हात तर चक्कर येऊन पडायची वेळ येते.

पण तुझ्या वर्गात, कदाचित तुझ्याच बाकावर, अशी एक मुलगी असेल जिच्यासाठी हे याहून कितीतरी घातक आहे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल घराघरांत आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद पहिल्यांदा जगापुढे मांडली, त्याला आता साठ वर्षांहून जास्त झाली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य कळा उठतात. पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी राहतं आणि डोळे पिवळट दिसतात. वाढ हळू होते, पाळी उशिरा येते, अंग भरत नाही. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही म्हणून वारंवार जावं लागतं, काहींना मोठं झाल्यावरही झोपेत लघवी होते.

आता बघ, चिडवायला काय काय सापडतं. डोळे पिवळे, म्हणून "हळद लागली का गं?" अंगानं बारीक, म्हणून "काडी". पाळी नाही, म्हणून कुजबुज. सारखी रजा, म्हणून "सरांची लाडकी". वसतिगृहात असेल तर अंथरुणावरून जे बोलतात ते मी इथं लिहीतही नाही. आणि डबा कोणी शेअर करत नाही, "आम्हालाही होईल" म्हणून. होत नाही गं. सिकलसेल शिवण्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका बाटलीतलं पाणी प्याल्यानं होत नाही. तो आईबापांकडून जन्मासोबत येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. रिपोर्टवर 'ए एस' लिहिलेली मुलगी वाहक असते, ती सहसा तुझ्यामाझ्यासारखीच धडधाकट असते. 'एस एस' असेल तिला आजार असतो. दोघींनाही "हिचं लग्न कोण करेल" असं म्हणायचा हक्क कोणालाच नाही.

आणि चिडवण्याचं विष तिच्या अंगात कसं भिनतं ते ऐक. सिकलसेलमध्ये कळा उठायला काय कारण होतं? अंगात पाणी कमी पडणं, थंडी, पावसात भिजणं, ताप, अतिश्रम, आणि मनावरचा ताणही. ती चिडवाचिडवीच्या भीतीनं पाणी पीत नाही, शौचालयात जात नाही. स्वेटर जुना आहे म्हणून हसतात, तर थंडीत तो घरी ठेवून येते. खेळाच्या तासाला "मला जमत नाही" म्हणायची लाज वाटते म्हणून दम लागेपर्यंत धावते. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यायला सांगितलेली असते, पण खोलीतल्या मुली "कसल्या गोळ्या खाते" म्हणून विचारतील या धाकानं ती लपवते, मग चुकवते. आणि एका रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागतं. सगळे म्हणतात, आजारच तसा आहे. आजार आहेच. पण त्या रात्रीपर्यंत तिला ढकलत आणलं कोणी, ते कोणत्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

म्हणून तू स्वतः ती मुलगी असशील तर माझं ऐक. पाण्याची बाटली आणि शौचालय हा तुझा औषधोपचार आहे, मेहेरबानी नाही. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घे: हिला वर्गात पाणी पिऊ द्यावं, मध्येच बाहेर जाऊ द्यावं, थंडीत आणि उन्हात कसरत लावू नये. ती मुख्याध्यापकांच्या हातात आईबाबांनी द्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात जी २१ प्रकारांची यादी आहे तिच्यात सिकलसेल नाव घेऊन आहे, आणि दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं त्याच कायद्यानं गुन्हा आहे. अंगात ताप असेल, छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, लगेच दवाखाना. आणि तुझी अजून तपासणी झालेलीच नसेल, पण डोळे पिवळे राहतात, हातपाय वारंवार ठणकतात, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घे. बोटातल्या थेंबभर रक्तानं सुरुवात होते.

पुढचं सांगताना मला जपून बोलावं लागेल. हा छळ शाळा सुटली की सुटत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग शास्त्रज्ञ आजवर घेत आहेत. त्यातल्या ७,७७१ जणांच्या आईवडिलांना, मूल ७ आणि ११ वर्षांचं असताना, त्याला कोणी त्रास देतं का असं विचारलं होतं. ती मुलं पन्नाशीची झाली तेव्हाही, वारंवार छळ सोसलेल्यांत नैराश्य आणि चिंतेचा आजार जास्त होता, तब्येतीच्या तक्रारी जास्त होत्या, जवळची माणसं कमी होती. तू हे वाचून घाबरू नकोस. शक्यता वाढते म्हणजे तसं होणारच असं नाही. मी हे तुझ्यासाठी लिहीतच नाही खरं तर, "लहानपणी सगळ्यांनाच चिडवतात, होतं ठीक" म्हणणाऱ्या मोठ्यांसाठी लिहिते. त्यांना हा कागद वाचायला दे.

तुझ्यासाठी दुसरा अभ्यास आहे, मला तो फार आवडतो. इंग्लंडमधल्याच जुळ्या मुलांच्या घरी जाऊन पाहिलं, की छळ सोसूनही कोणती मुलं सावरतात. तीन गोष्टी आढळल्या. आईची माया, घरातलं खेळीमेळीचं वातावरण, आणि भावंडाची माया. भावंडाची! म्हणून तुझ्या धाकट्या भावाला हे लपवून ठेवू नकोस. आणि तुला सख्खी ताई नसेल तर आत्याची, मामाची, शेजारची शोध. आपल्याकडे ताया कमी नाहीत.

बारावीनंतर तू नागपूरला, पुण्याला, मुंबईला वसतिगृहात जाशील, म्हणून तिकडचंही सांगून ठेवते. तिथं बोलण्यावरून सुरुवात होईल. तू "करून राहिली" म्हणशील, "पानी" म्हणशील, आणि खोलीभर हशा पिकेल. तुझी झाडीबोली आहे; तिची साहित्य संमेलनं भरतात, तिच्यात नाटकं होतात, दंडार रंगते. हसू दे त्यांना दोन दिवस, तूही त्यांच्या बोलण्याला हस. पण हसणं थांबलं नाही, बोलीवरून जातीवर गेलं, गावावर गेलं, "राखीव जागेवाली" असं सुरू झालं, तर ते सोसायचं नाही.

डॉक्टर पायल तडवी यांचं नाव तू ऐकलं असशील. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. मिरजेला एमबीबीएस झाली आणि मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोगशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी ती गेली. वय २६. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, गुन्हा नोंदला गेला, आरोपपत्र दाखल झालं. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. मला तुला सांगायचं आहे ते तिच्या आईबद्दल. आबेदा तडवी यांना लेकीचा त्रास माहीत होता. त्यांनी तो वरपर्यंत सांगितला होता, असं त्या पहिल्यापासून सांगत आल्या आहेत. लेक गेल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. त्याच वर्षी, विद्यापीठात शिकताना गेलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, इतरांच्या मुलांसाठी नियम कडक व्हावेत म्हणून. एका आईला इतकं करावं लागू नये. म्हणून सांगणं आपल्याकडून लवकर व्हायला हवं, आणि ऐकून घेणाऱ्यानं कागदावर घ्यायला हवं.

कायदा तर आहेच. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्यात नुसती मारहाण नाही, चिडवणं, शिवीगाळ, धमकी, लाज वाटेल असं वागवणं हे सगळं येतं, आणि वसतिगृहं व शिकवणी वर्गही येतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. लेखी तक्रार मिळाल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखांवर बंधनकारक आहे. त्यांनी दुर्लक्ष केलं तर त्यांनाच त्या गुन्ह्याला मदत केल्याचं धरलं जातं. म्हणून तोंडी नको, लेखी दे, आणि एका प्रतीवर पोच घे. रॅगिंगची देशभराची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. शाळेत त्रास देणारा शिक्षकच असेल, म्हणजे वर्गात उभं करून रंगावरून, जातीवरून, गुणांवरून हिणवत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम बघ. पहिली ते आठवीच्या मुलांना मारणंच नव्हे, मानसिक छळ करणंही तिथं मना आहे.

पण कायदा लांबचा, आधी घर. आईला सांगताना "मला शाळेत नाही जायचं" असं सुरू करू नकोस, ती त्यावरच अडकेल. एका वहीत लिहून काढ: कोणत्या दिवशी, कुठं, कोण, काय म्हणालं, कोणी पाहिलं, आणि त्या दिवशी जेवण-झोप कशी होती. स्टिकर आणि मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव. मग वही आईच्या हातात दे. ती "दुर्लक्ष कर" म्हणाली तर रागावू नकोस. तिलाही तिच्या वेळी तेवढंच सांगितलं गेलं असेल. दुसऱ्याकडे जा. ज्या बाईंशी तुझं जमतं त्या बाई, आशाताई, मामी, कोणीही. एकानं ऐकलं नाही म्हणून सांगणं बंद करायचं नाही. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं; तिथं समुपदेशक बसतात. पोटदुखीसाठी जा आणि त्यांना पोटदुखीचं खरं कारणही सांग. आणि सकाळी निघताना पोटभर खा, भाताची पेज का असेना. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. झोप आली नाही तरी त्या वेळी ग्रुपवर काय चाललंय ते बघू नकोस.

आणि कधी असं वाटलं की आपण नसलेलंच बरं, तर ते त्याच दिवशी कोणाला तरी सांग, शब्द फिरवून नाही, तसंच्या तसं. असं वाटणं म्हणजे तू वाईट किंवा वेडी नाहीस, ताण शरीराला पेलेनासा झाला आहे, आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे. ती रात्र एकटीनं काढू नकोस, आईजवळ झोप.

शेवटचं बोलणं तुझ्याशी नाही, तुझ्या मागच्या बाकावरच्या मुलीशी आहे. तू चिडवत नाहीस, मला माहीत आहे. तू नुसती बघतेस, कारण बोललं तर पुढचा नंबर आपला, ही भीती आहे. ती भीती खोटी नाही. पण कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा, सोबतच्या मुलांपैकी कोणी मध्ये पडलं की निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद. तुला भांडायचं नाही, भाषण द्यायचं नाही. "चल गं, बाईंनी बोलावलंय" एवढं म्हणायचं आणि तिचा हात धरून तिला तिथून बाहेर काढायचं. शौचालयात तिच्यासोबत जायचं आणि दाराशी उभं राहायचं. ग्रुपवर स्टिकर आलं तर पुढं पाठवायचं नाही. आणि त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, वर्गशिक्षिकेला सांगायचं. त्या चुगली म्हणाल्या तर मुख्याध्यापकांना सांगायचं.